विगमोर हॉलचा मोसम: कोणत्या मैफलीला जावं, कुठे बसावं, काय सोडावं

लंडनमध्ये चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांचं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, ऐकायचं तर विगमोर हॉल, हे कुणीही सांगेल. ते खरं आहे, पण त्याने तिकीट काढणाऱ्याचा प्रश्न सुटत नाही. सप्टेंबर ते जुलै असा लांबलचक मोसम, वर्षाला पाचशेहून जास्त कार्यक्रम आणि वाजवणारे बहुतेक सगळे पाहुणे. कुणी प्रागहून येतं, कुणी पॅरिसहून, कुणी थेट अमेरिकेतून. आल्या दिवशी दुपारी सराव, संध्याकाळी मैफल, दुसऱ्या दिवशी पुढचं गाव. सभागृहाचा स्वतःचा कायमचा वाद्यवृंद नाही. त्यामुळे वादनाचा दर्जा रोज बदलतो. रोज तेच असतं ते सभागृह आणि तिथली व्यवस्था. त्या दोन्हींना आमचे पैकीच्या पैकी नाहीत, पण जवळपास तेवढे गुण आहेत. मोसमाला मात्र सरसकट गुण देता येत नाहीत. एकाच आठवड्यात तिथे वर्षातली सर्वोत्तम मैफल ऐकायला मिळते आणि अंगावर कोट घेऊन झोप काढावी अशीही मिळते. फरक बराचसा तिकीट काढतानाच ठरतो: वाजवणाऱ्यांच्या नावापेक्षा कार्यक्रमपत्रिका, वेळ आणि खुर्ची यांवर.

आधी सभागृह. बेकस्टाइन या जर्मन पियानो कंपनीने आपल्या लंडनच्या शोरूमला लागून ते बांधलं. वास्तुरचना टॉमस कोलकट यांची, उद्घाटन ३१ मे १९०१ ला, पहिल्या मैफलीत पियानोवर बुसोनी आणि व्हायोलिनवर इझाय. पहिल्या महायुद्धात शत्रूची मालमत्ता म्हणून सगळं जप्त झालं. बांधायला लाखभर पौंड लागलेली इमारत १९१६ च्या लिलावात डेबनहॅम्सने ५६,५०० पौंडांना घेतली, आणि १९१७ मध्ये रस्त्याचंच नाव देऊन ती पुन्हा उघडली. हा इतिहास इथे सांगायचं कारण व्यावहारिक आहे. सभागृह बांधलं ते एक पियानो आणि मोजके वादक डोळ्यासमोर ठेवून. मोठ्या सभागृहाची ती छोटी केलेली आवृत्ती नाही. साडेपाचशेच्या आसपास खुर्च्या, लांबट चौकोनी आकार, वर अर्धगोल कमानीचं छत आणि रंगमंचाच्या मागे घुमटी असलेला गोलाकार कोनाडा. त्या घुमटीवरचं निळं-सोनेरी भित्तिचित्र जेरल्ड मॉइरा यांच्या संकल्पनेतलं. पहिल्यांदा येणारे त्याचे फोटो काढतात, पण त्या कोनाड्याचं खरं काम वेगळं आहे. वादकांच्या मागे जाणारा आवाज तो गोळा करून पुढे पाठवतो.

भरलेल्या सभागृहात सूर विरायला साधारण दीड सेकंद लागतो. चार तंतुवाद्यांसाठी हे माप अगदी योग्य आहे. त्याहून कमी असेल तर गजाची खरखर उघडी पडते आणि लांब सूर कोरडे वाटतात. जास्त असेल तर हायडनच्या जलद फिरती एकमेकींत मिसळतात. पियानो आणि त्यातही पूर्ण झाकण उघडलेला मोठा स्टाइनवे आला की मात्र हेच माप जरा अपुरं पडतं. ब्राम्सचा पियानो क्विंटेट (पियानो आणि चार तंतुवाद्यं) वाजवताना पियानोवाल्याने डाव्या हाताला आवर घातला नाही, तर पुढच्या पाच-सहा रांगांत चेलो दिसतो, ऐकू येत नाही. पियानो ट्रिओ आणि क्विंटेटच्या बाबतीत विगमोरमध्ये सर्वात जास्त निराशा याच कारणाने होते. आणि तो दोष सभागृहावर टाकता येत नाही, कारण सावध पियानोवादक त्याच वाद्यावर, त्याच जागी, उत्तम तोल साधतात.

आता खुर्ची. खालचा भाग जवळजवळ सपाट आहे, उतार अगदी बेताचा. पुढे उंच माणूस बसला की दुसरं व्हायोलिन गेलंच. आवाजाच्या दृष्टीने जी ते एम या रांगांचा मधला पट्टा सर्वात भरवशाचा: वाद्यं वेगळी ओळखू येतात आणि तरी एकत्र वाजतात. पहिल्या तीन रांगांचा अनुभव निराळा. तिथे गज तारेवर पडण्याचा क्षण ऐकू येतो, पहिल्या व्हायोलिनवाल्याचा श्वास ऐकू येतो. क्वार्टेटमध्ये, म्हणजे दोन व्हायोलिनं, व्हिओला (व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या सुराचं) आणि चेलो अशा चौघांच्या संचात, ताल धरणारा किंवा सम दाखवणारा कुणी नसतो. सुरुवात होते ती त्या नाकाने ओढलेल्या श्वासावर आणि भुवईवर. ज्यांना हे यंत्र कसं चालतं ते बघायचं आहे त्यांनी एकदा पुढे बसावंच. फक्त तिथे आवाज चार तुकड्यांत येतो, हे धरून चालावं. मागच्या बाजूला बाल्कनीच्या खालच्या रांगा शक्यतो टाळा. डोक्यावरचं छत खाली आल्यामुळे वरून येणारा आवाज तिथवर पोचत नाही. सूर स्पष्ट असतात, पण त्यांच्याभोवतीची हवा गेलेली असते. त्याच किमतीत बाल्कनी मिळत असेल तर बाल्कनी घ्या. आवाज छान मिसळून येतो, चारही वादकांचे हात दिसतात. किंमत गुडघ्यांना मोजावी लागते, कारण पाय ठेवायला जागा फार कमी आहे. सहा फुटांच्या माणसाने कडेची खुर्ची मागावी. जिना चढायचा नसेल किंवा चाकाची खुर्ची असेल तर संकेतस्थळावर नशीब न अजमावता सरळ तिकीट खिडकीला फोन करावा. तिथली माणसं नीट समजावून सांगतात.

मध्यभागाच्या डावीकडे बसावं की उजवीकडे, हा प्रश्न लोक विचारत नाहीत, पण तो महत्त्वाचा आहे. बहुतेक क्वार्टेट प्रेक्षकांच्या डावीकडून उजवीकडे पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, व्हिओला, चेलो असे बसतात. काही जण चेलो आत आणि व्हिओला बाहेरच्या टोकाला ठेवतात. काही जण दोन व्हायोलिनं समोरासमोर दोन टोकांना बसवतात, कारण हायडन आणि बेथोव्हेनमध्ये ती एकमेकांना प्रश्न-उत्तरं करतात. इथे एक भौतिक अडचण येते. व्हायोलिन किंवा व्हिओला डाव्या खांद्यावर धरतात, त्यामुळे डावीकडे बसलेल्याच्या वाद्याचं पोट प्रेक्षकांकडे वळतं आणि उजवीकडे बसलेल्याचं मागच्या भिंतीकडे. उजव्या टोकाचा वादक मुळातच थोडा दबतो. साध्या सपाट भिंतीच्या सभागृहात हे जाणवतं. विगमोरचा मागचा कोनाडा त्यातलं बरंच परत देतो, म्हणून बाहेर बसलेला व्हिओला इथे जितका मोकळा ऐकू येतो तितका क्वचितच कुठे. व्हिओलावर प्रेम असलेल्यांनी (असे लोक असतात) मधोमध किंवा थोडं डावीकडे बसावं. पियानो असेल तेव्हा पट्ट्या डावीकडे येतात, म्हणून हात बघायला लोक डावीकडे गर्दी करतात आणि ती तिकिटं आधी संपतात. आवाजासाठी तसं काही कारण नाही. झाकण आवाज मधल्या आणि उजव्या बाजूला फेकतं.

कार्यक्रमपत्रिका वाचायला शिकलं की अर्धं काम झालं. संध्याकाळची मैफल बहुधा साडेसातला. नेहमीचा साचा असा: आधी हायडन, मोझार्ट किंवा बेथोव्हेनची सुरुवातीची रचना, मग विसाव्या शतकातलं किंवा नवं काही, मध्यंतर, आणि शेवटी चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं भरभक्कम काही: शुबर्ट, ब्राम्स, उशिराचा म्हणजे शेवटच्या वर्षांतला बेथोव्हेन. एकूण संगीत ऐंशी मिनिटांच्या आसपास, मध्यंतर वीस मिनिटं, साडेनवाच्या सुमारास बाहेर. पहिल्या रचनेकडे लोक तोंडी लावणं म्हणून बघतात. वादकांसाठी ती चाचणी असते. दुपारी त्यांनी रिकाम्या सभागृहात सराव केलेला असतो. रात्री तिथे पाचशे माणसं आणि पाचशे कोट येऊन बसतात आणि वरचे सूर शोषून घेतात. दुपारी जो तोल बरोबर वाटला तो रात्री बदलतो. अनुभवी संच हायडनच्या पहिल्या चार-पाच मिनिटांत हे ओळखून गजाचा दाब आणि वेग बदलतो. नवखा संच मध्यंतरापर्यंत चाचपडत राहतो. म्हणून नवख्यांच्या मैफलीचा पूर्वार्ध ऐकून निकाल देऊ नये.

दुसऱ्या जागी बसवलेल्या नव्या रचनांबद्दल आमची तक्रार आहे. मोसमात नवं संगीत भरपूर आहे असं आकडे दाखवतात, पण पुष्कळदा ते दहा-बारा मिनिटांचं असतं आणि मध्यंतराआधी उरकलेलं असतं. एखाद्या जिवंत संगीतकाराला अख्खी संध्याकाळ दिली जाते तेव्हा ती चुकवू नका. तिकिटंही सहज मिळतात. बेंजामिन ब्रिटनचा दुसरा स्ट्रिंग क्वार्टेट याच रंगमंचावर २१ नोव्हेंबर १९४५ ला पहिल्यांदा वाजला आणि दुसऱ्या दिवशी त्याची जॉन डनच्या कवितांवरची गीतमाला. त्या वेळी तेही नवंच संगीत होतं.

संचांविषयी. टाकाच क्वार्टेट १९७५ मध्ये बुडापेस्टला सुरू झाला, आता त्याचं घर कोलोरॅडोत बोल्डरला आहे आणि मूळ चौघांपैकी सर्वात जास्त काळ राहिले ते चेलोवादक आंद्राश फेयेर. माणसं बदलूनही संचाचा आवाज टिकतो का, हे तपासायला याहून चांगलं उदाहरण नाही; आमच्या मते टिकलाय, फक्त हंगेरियन खरखरीतपणा थोडा कमी झालाय. बार्टोक ऐकायचा तर अजूनही यांचाच. यानाचेकसाठी पावेल हास क्वार्टेट. यानाचेकचे दोनच क्वार्टेट आहेत, १९२३ आणि १९२८ चे, दोन्ही मिळून पाऊण तास. एका मैफलीत दोन्ही असतील तर दुसरं काही न बघता तिकीट काढावं. रावेल आणि देबुसीसाठी फ्रेंच एबेन. त्यांचा हळू आवाज हा विगमोरच्या खोलीचा खरा कस आहे, आणि शेवटच्या रांगेतही तो पोचतो. एमर्सन क्वार्टेटने ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्ती घेतली, त्यामुळे उभं राहून वाजवणाऱ्या क्वार्टेटचा तो जुना नमुना आता ध्वनिमुद्रणांतच.

तातीच्या म्हणजे आतड्याच्या तारा लावणारे संच, उदाहरणार्थ कियारोस्कुरो किंवा मोझाईक, हा वेगळाच प्रकार. आवाज लहान, पण कडेने उजळ; कंप अगदी कमी, त्यामुळे सूर जरासा इकडेतिकडे झाला की लगेच कळतो. हिंदुस्तानी संगीतावर कान तयार झालेल्यांना हे वादन चटकन आवडतं असा आमचा अंदाज आहे. पण ताती दमट-कोरड्या हवेला फार लवकर प्रतिसाद देतात. प्रत्येक भागानंतर सूर जुळवायला थांबावं लागतं, आणि लंडनच्या हिवाळ्यात बाहेरच्या ओल्या थंडीतून हीटर लावलेल्या सभागृहात आलेलं वाद्य तासाभरात स्वर सोडतं. लाकूड आकसतं, खुंट्या ढिल्या होतात, कधी वादनाच्या मधेच खुंटी सरकते. असं झालं की वादक हसून थांबतात, लावतात, आणि बहुतेक वेळा त्या भागाच्या सुरुवातीपासून पुन्हा घेतात. यात नाराज होण्यासारखं काही नाही. या संचांना डिसेंबर-जानेवारीपेक्षा मे-जूनमध्ये ऐकावं, एवढाच सल्ला.

तार तुटणं हा त्याच जातीचा अपघात. बार्टोकच्या चौथ्या क्वार्टेटमध्ये (१९२८) एक अख्खा भाग गज न वापरता बोटांनी छेडून वाजवतात, आणि काही ठिकाणी तार इतकी ओढून सोडायची की ती खालच्या पट्टीवर आपटून फटकारा बसला पाहिजे. त्या भागानंतर वाद्य बेसूर होणार हे ठरलेलं. तार तुटली तर वादक आत जातो, नवी लावतो, पाच-सात मिनिटं जातात, आणि नवी तार पुढचा सबंध भाग उतरत राहते. अशा वेळी उरलेल्या तिघांनी सूर किती सांभाळून घेतला ते ऐकणं हा एक धडाच असतो. अलीकडे छापील स्वरलिपीऐवजी टॅब्लेट आणि पान उलटायला पायाखाली पेडल आलं आहे. हिवाळ्यात थंड बोटांनी पान चिकटण्याचा त्रास वाचला, पण पेडल दोनदा दाबलं गेलं तर पान पुढे जातं आणि वादकाला चार मात्रा आठवणीवर काढाव्या लागतात. लक्ष ठेवलं तर कळतं.

सर्वात मोठा धोका आजारपणाचा. वाद्यवृंदात एक व्हायोलिनवाला आजारी पडला तर दुसरा येतो. क्वार्टेटमध्ये चौघांनी वर्षानुवर्षं एकत्र गज चालवलेला असतो. ऐन वेळी पाहुणा व्हिओलावाला घेऊन उशिराचा बेथोव्हेन वाजवता येत नाही. मग एकतर पत्रिका बदलते, किंवा पूर्ण संचच बदलतो. विगमोरची या बाबतीतली तत्परता वाखाणण्यासारखी आहे. पण तुम्ही फक्त शुबर्टच्या सी मेजर क्विंटेटसाठी तिकीट काढलं असेल तर निघण्याआधी ईमेल नक्की बघा. त्या रचनेला दोन चेलो लागतात, म्हणजे पाहुणा पाचवा वादक. बिघडायची शक्यता तेवढी जास्त.

एकेकट्या मैफली वेचण्यापेक्षा एखादी माळ पकडावी, असं आमचं ठाम मत आहे. बेथोव्हेनचे सोळा क्वार्टेट आणि ग्रोसे फूगे बहुधा सहा संध्याकाळींत वाजवतात, आणि प्रत्येक संध्याकाळी सुरुवातीचा, मधला आणि उशिराचा अशी सरमिसळ करतात. सहाही परवडत नसतील तर १३१ किंवा १३२ क्रमांकाची (पत्रिकेत 'ओपस' म्हणून लिहिलेला आकडा) रचना असलेली संध्याकाळ घ्या. १३१ चे सात भाग न थांबता चाळीस मिनिटं चालतात, उशिरा पोचलात तर संपेपर्यंत बाहेरच उभं राहावं लागेल. १३० क्रमांकाच्या रचनेला दोन शेवट आहेत: मूळचा, अवघड, पंधरा मिनिटांचा फूगे (वर आलेला ग्रोसे फूगे; यात एकच धून वाद्यं एकामागून एक उचलतात), आणि प्रकाशकाच्या आग्रहावरून १८२६ मध्ये लिहिलेला हलका शेवट. कोणता वाजणार ते पत्रिकेत लिहिलेलं असतं; फूगे असेल तर जा. बार्टोकचे सहा क्वार्टेट दोन संध्याकाळींत बसतात, बहुधा एकीला १, ३, ५ आणि दुसरीला २, ४, ६. पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनी सम क्रमांकांची संध्याकाळ निवडावी. शोस्ताकोविचच्या पंधरांची माळ लांब आणि जड आहे. शेवटच्यात सहाच्या सहा भाग अडाजिओ, म्हणजे सलग पस्तीसेक मिनिटं विलंबित. त्या रात्री सभागृहातले खोकले मोजता येतात.

खोकल्याचं निघालंच आहे तर: इथला श्रोता जाणता आहे, वयस्कर आहे, आणि भागांच्या मधल्या शांततेत मनसोक्त खोकतो. टाळ्या मात्र सगळे भाग संपल्यावरच. दाद द्यायला हात वर गेला तरी आवरावा लागतो. मैफलीत 'क्या बात है' म्हणायची सवय असलेल्यांना पहिल्या दोन वेळा घुसमटल्यासारखं होतं. भाग किती आहेत हे पत्रिकेत पाहून ठेवलं की चूक होत नाही. ती पत्रिका वेगळे पैसे देऊन घ्यावी लागते, पण टिपणं अभ्यासू असतात आणि गाण्यांच्या मैफलीत कवितांचे मूळ शब्द व भाषांतर त्यातच मिळतं. घ्यावी.

आता वेळेबद्दल, कारण किमतीचा खरा फायदा तिथे आहे. सोमवारी दुपारी एकची मैफल बीबीसी रेडिओ ३ वर थेट जाते: तासाभराची, मध्यंतराविना, तिकीट संध्याकाळपेक्षा बरंच स्वस्त. मायक्रोफोन चालू असल्यामुळे वादक सावध असतात आणि श्रोतेही. रविवारी सकाळी साडेअकराची मैफलही तासाभराची, आणि तिच्यानंतर कॉफी किंवा शेरीचा पेला तिकिटातच, ही तिथली जुनी प्रथा. लहान संच, तरुण संच, कधी मोठ्यांचाच छोटा कार्यक्रम असा हा वार. मुलांना पहिल्यांदा न्यायचं तर हीच वेळ. तरुण क्वार्टेट ऐकायचे असतील तर दर तीन वर्षांनी होणारी विगमोरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा लक्षात ठेवा. ती १९७९ मध्ये पोर्ट्समथला सुरू झाली आणि तेव्हा टाकाच जिंकले होते. २०१८ ला एस्मे, २०२२ ला बर्लिनचा लिऑनकोरो. असे संच जिंकल्यावर पुढची दोन-तीन वर्षं दुपारच्या आणि रविवारच्या मैफलींत दिसतात, आणि त्याच काळात त्यांच्या वादनात जी भूक असते ती नंतर नावाबरोबर कमी होते. ३५ वर्षांखालच्यांना पुष्कळ मैफलींना ५ पौंडांत तिकीट मिळतं. लंडनमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं. एका बर्गरपेक्षा स्वस्त आहे.

पोचणं सोपं. बाँड स्ट्रीट स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटं, ऑक्सफर्ड सर्कसवरून थोडं जास्त. एलिझाबेथ लाइनमुळे स्लाऊ आणि हेझकडच्या मंडळींचा रात्रीचा परतीचा घोर गेला. महाराष्ट्र मंडळाच्या डॉलिस हिलहून ज्युबिली लाइन थेट बाँड स्ट्रीटला येते. मध्यंतरात तळघरातल्या बारपुढे गर्दी उसळते, वीस मिनिटांपैकी बारा रांगेत जातात. पेय आधीच सांगून ठेवण्याची सोय वापरा किंवा सरळ रस्त्यावर जाऊन हवा खा.

भारतातून ऐकणाऱ्यांसाठी थेट प्रक्षेपण ही विगमोरची सर्वात उदार सेवा. १ जून २०२० ला, टाळेबंदीत, रिकाम्या सभागृहात स्टीव्हन हफ यांच्या पियानोने तिथल्या थेट मैफली पुन्हा सुरू झाल्या, आणि तेव्हापासून कित्येक मैफली संकेतस्थळावर व यूट्यूबवर फुकट बघता येतात. सगळ्या नाही, पत्रिकेत तशी खूण असते. घड्याळाचा हिशोब असा: ब्रिटनमध्ये उन्हाळी वेळ असताना संध्याकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीचे बारा, हिवाळ्यात रात्रीचा एक. म्हणून थेट बघायची तर दुपारची मैफल बघा: उन्हाळ्यात साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. रविवारची अनुक्रमे चार आणि पाचला. बाकीच्या नंतर बघाव्यात, पण त्या कायम राहत नाहीत. ठरावीक दिवसांनी काढून टाकतात, तेव्हा 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणू नये. आवाजाबद्दल एक इशारा. मायक्रोफोन वाद्यांच्या जवळ असतात, त्यामुळे श्वास, बोटांची टपटप, खुर्चीची कुरकुर सगळं येतं, आणि खोलीची ती दीड सेकंदांची हवा कमी येते. लॅपटॉपच्या स्पीकरवर चेलो जवळजवळ नाहीसा होतो. बरे हेडफोन लावा. मोबदल्यात कॅमेरा व्हिओलाच्या हातांवर जातो, जे सभागृहात इतक्या जवळून पन्नास पौंडांतही दिसत नाही. देणगीचा आग्रह दिसेल. सभागृहाने आर्ट्स कौन्सिलचं, म्हणजे कलांना सरकारी पैसा देणाऱ्या संस्थेचं, वार्षिक अनुदान सोडून स्वतःच्या पायावर उभं राहायचं ठरवलं आहे, तेव्हा पाच पौंड टाकले तर वावगं नाही.

मुंबईकरांना तुलनेसाठी टाटा थिएटर आहेच. परदेशी क्वार्टेट नरिमन पॉइंटला येतात तेव्हा पुष्कळदा तिथेच वाजवतात. फिलिप जॉन्सन यांची रचना, ध्वनीचं काम सिरिल हॅरिस यांचं, १९८० चं, हजारेक आसनं, पंख्यासारखा पसरलेला आकार. मायक्रोफोनशिवाय ऐकू यावं म्हणूनच ते बांधलं, आणि ते जमलंही आहे. पण आसनं दुप्पट आणि भिंती बाहेर फाकलेल्या, त्यामुळे बाजूने परत येणारा आवाज कमी. क्वार्टेट तिथे स्पष्ट ऐकू येतो, मात्र भोवती घेरून येत नाही. पुढच्या मधल्या भागात बसलं तर फरक बराच भरून निघतो. विगमोरमध्ये तरुण असताना ऐकलेला संच मुंबईला येणार असेल तर जरूर जावं, फक्त कडेची आसनं घेऊ नयेत.

आरक्षणाची पद्धत हा मोसमातला सर्वात कटकटीचा भाग. वर्गणीदार मित्रमंडळींना आधी खिडकी उघडते, वर्गणी जितकी जास्त तितकी लवकर, आणि सर्वसामान्यांची पाळी येईपर्यंत मोठ्या नावांच्या मैफलींत बाल्कनीखालच्या रांगाच उरलेल्या असतात. पाचशे कार्यक्रमांची यादी चाळताना संच, रचना, वेळ असं गाळून शोधावं, नाहीतर डोळे दमतात. वर्षाला आठ-दहा मैफलींना जाणार असाल तर सर्वात खालची वर्गणी वसूल होते, त्याहून कमी असेल तर नाही. संपलेल्या मैफलींवर पाणी सोडू नका. परत केलेली तिकिटं मैफलीच्या दिवशी दुपारपासून संकेतस्थळावर एक-एक करून येतात, आणि संध्याकाळी खिडकीपाशी थांबणाऱ्या एकट्या माणसाला बहुधा जागा मिळते. दोघांना शेजारी मिळणं कठीण. वेगळं बसायची तयारी ठेवा आणि त्यातल्या एकाने बाल्कनी घ्यावी.